माझी कातडी मला येऊ द्या

मी एक जुनी सुरी आहे. वयाने म्हणाल तर जुनी नाही, मित्रांनो. कारखान्यातून निघाले त्याला अजून तीन वर्षे व्हायची आहेत. पण एका उन्हाळ्यात माझ्या पात्याचे जे हाल झाले, ते काही सुऱ्यांचे सगळ्या जन्मात होत नाहीत. म्हणून मी स्वतःला जुनी म्हणते. कोणाला पटत नसेल तर त्याने माझे टोक बघावे, ते वाकडे आहे. ते कसे वाकले हे सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

पोलादाच्या लांबच लांब पट्टीतून मला कापले, भट्टीत लाल केले, तेलात बुडवले, पुन्हा जरा शेकले आणि दगडावर धार काढली. मी कार्बनच्या पोलादाची. माझ्या स्टेनलेसच्या चुलत बहिणी दिसायला गोऱ्यागोमट्या, पाण्याला न घाबरणाऱ्या; पण त्यांना धार लावायला बसलात तर घाम काढतात. माझी धार दोन मिनिटांत लागते. खोड एकच: ओली ठेवली की मी गंजते. यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे माझ्याकडून रोज काम करून घ्यावे आणि मला कोरडे पुसून ठेवावे. मग कांद्याच्या, सफरचंदाच्या, माशांच्या रसाने माझ्या पात्यावर हळूहळू राखाडी-निळी झाक चढते. लोखंडी तवा वापरून वापरून काळा होतो ना, तसेच हे. ती झाक म्हणजे माझी कातडी. ती एकदा आली की गंजाला सहसा शिरकाव मिळत नाही. दुसरा उपाय आळशी माणसांचा: पात्यावर काळा लेप फासून मोकळे व्हा. कारखान्याने दुसरा उपाय केला. धार तेवढी उघडी ठेवली, बाकी मी काळीकुट्ट.

तिथे पॅकिंगच्या टेबलाशी एक बाई दुपारच्या सुट्टीत आपल्या घरच्या सुरीने सफरचंद सोलत असत. ती सुरी मुठीपासून टोकापर्यंत निळसर राखाडी होती. तिच्यावर कुठे ढगासारखी छटा, कुठे थेंबांच्या खुणा. मी खोक्यात पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहायची. मलाही असेच व्हायचे आहे, असे माझ्या मनाने तेव्हाच घेतले. पण मनाने घेऊन काय होते? झाकण लागले, चिकटपट्टी लागली आणि मी उत्तर युरोपातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात हत्यारांच्या दुकानात जाऊन टांगली गेले.

फेब्रुवारीत तिथे हेल्गे आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेलेला, बायको जाऊन सहा वर्षे झालेली. गोठलेल्या समुद्रावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले असताना त्यांची चाळीस वर्षांची सुरी त्या भोकातून सरळ तळाला गेली होती.

"काळी नको मला," ते दुकानदाराला म्हणाले.

"काळीच उरलीय, हेल्गे. घे की. गंजणार नाही कधी."

"गंजू दे ना. मी पण गंजलोयच."

तरी त्यांनी मला घेतले, कारण दुसरे दुकान चाळीस किलोमीटरवर होते. घरी येऊन ते लोणी फासायची लाकडी पट्टी कोरायला बसले. पांढऱ्या, सुवासिक जुनिपरच्या लाकडावर मी चालले आणि माझ्या मागे काळा ओरखडा उमटला. त्यांनी जोर केला तर लेप लाकडात अडकायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चूक माझी नव्हती, पण ओरखडा माझाच होता.

"सुरीला रेनकोट घालून कामाला पाठवतात!" आजोबा पुटपुटले. "थांब. हा उतरवायलाच पाहिजे."

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण पुढचे सगळे रामायण इथून सुरू होते.

हेल्गे आजोबांना दोन मुले. थोरला तोरकेल, वय चोपन्न, शहरातल्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर. हाताला काम नसेल तर त्याला बसवत नाही. धाकटी मारित, वय एक्कावन्न, शाळेत चित्रकला शिकवते. ती दर दोन दिवसांनी वडिलांना फोन करायची, पण तिचे येणे मात्र कमी. ईस्टरला तोरकेल एका दिवसासाठी आला. आजोबांनी त्याला आधीच सांगून ठेवले होते, "येताना पॉलिश पेपर आण. जाड आणि बारीक, दोन्ही." त्याने आणले. दुपारी आजोबा पायरीवर बसले, पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि माझी उजवी बाजू घासायला घेतली. लेप सहज निघतो असे समजू नका. तो कणाकणाने निघतो, पाण्यात काळा चिखल होतो, बोटे आखडतात. दीड तासाने उजवी बाजू लख्ख झाली. आजोबांनी मला उन्हात धरले आणि मोठ्याने हसले.

"बघ पोरा, आत काय लपलं होतं! अशी लख्ख पाहिजे मला ही. दोन्हीकडून."

तोरकेलही हसला. मग तो शिडीवर चढला, छपराचे पन्हळ साफ केले आणि अंधार पडायच्या आत गाडी काढून निघून गेला.

संध्याकाळी मारितचा फोन आला. मी टेबलावर, फोनच्या शेजारीच होते. आजोबा दमले होते, पण आवाजात उत्साह होता. "लख्ख करणं ही नुसती सुरुवात झाली गं. उद्या डावी बाजू. मग तिला कामाला लावायचं. आधी सफरचंद, मग कांदा, मग ते छोटे स्ट्रोमिंग मासे येतील तेव्हा ते. तिची कातडी तिला येऊ द्यायची. नोव्हेंबरात समुद्राचा रंग असतो ना, तशी होते बघ. मग घासायची नाही कधी."

म्हणजे सुरुवातीची गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली आणि पुढची मुलीला. दोन्ही ऐकणारी मी एकटीच. आणि मला तोंड नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना दम लागला, अँब्युलन्स आली, आणि मे महिन्यात ते तालुक्याच्या दवाखान्यात वारले. मी अर्धी काळी, अर्धी लख्ख अशी स्वयंपाकघराच्या खणात पडून राहिले. मूठ कोण धरणार याची वाट बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते.

दफनविधीनंतर भाऊ-बहीण या घरी आले. त्यांनी कॉफी केली. बोलणे सुरू झाले ते बिस्किटांवरून, आणि पाच मिनिटांत कुठल्या कुठे गेले. खणात पडून मी सगळे ऐकत होते.

"तू फोनच करत होतीस फक्त. आलीस का कधी?"

"आणि तू आलास तो पन्हळ साफ करायला! पाच मिनिटं बसलास का त्यांच्याजवळ?"

त्यानंतर कपबशा ठेवल्याचा आवाज आला. शेवटी तोरकेल म्हणाला, "घर दोघांचं आहे. विषम आठवडे तुझे, सम आठवडे माझे. रविवारी बारा वाजता आपापलं आवरून निघायचं." मारित म्हणाली, "चालेल." इकडे सगळे जग वर्षातल्या आठवड्यांच्या आकड्यांवरच चालते, लग्ने, सुट्ट्या, दाढा काढणे, सगळे. त्यात आणखी एक रीत: जाताना घर आपण आलो तेव्हापेक्षा स्वच्छ ठेवून जायचे. आणि काही सांगायचे असेल तर फ्रीजवर चिठ्ठी लावायची, वर 'हाय!' आणि खाली हसरे तोंड. भांडण कितीही कडू असो, हसरे तोंड चुकवायचे नाही.

सत्ताविसाव्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला, मारित आली. तिने खण उघडला, मला उचलले आणि तिचे डोळे भरून आले. "अगं, डावी बाजू राहिलीच की त्यांची," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला! आता ही काम पुरे करणार, मला वाटले.

पण चित्र काढणे वेगळे आणि पोलाद सांभाळणे वेगळे. तिने ठरवले, लेप व्हिनेगरने निघेल. इथल्या कोणत्याही बाईला विचारा, मासे मुरवायचे प्रमाण तोंडपाठ असते: एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. मारित शहरात त्यासाठीची बारा टक्क्यांची बाटली घेते. आजोबांच्या कपाटात मात्र चोवीस टक्क्यांची बाटली होती. किटली खरवडायला आणि मासे मुरवायला एकच, म्हणजे स्वस्त पडते. मारितने आकडा वाचला नाही. तिने उंच पेल्यात ते जहाल पाणी ओतले, मला उभी बुडवली आणि स्वतः गेली सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, मग समुद्रात डुबकी मारायला, मग पुन्हा सौनात.

काळ्या लेपाला त्या व्हिनेगरने काय केले? काहीही नाही. त्याचा केससुद्धा वाकडा झाला नाही. आजोबांनी दीड तास घासून उघडी केलेली बाजू मात्र ते खात सुटले. बारीक बारीक बुडबुडे माझ्या अंगावरून वर जात होते आणि मी नुसती जळत होते. दोन तासांनी मारितने मला बाहेर काढले तेव्हा उजवी बाजू काळपट, खडबडीत, देवीचे व्रण असावेत तशी झाली होती.

"अरे देवा! हे काय करून बसले मी?" तिने बाटली फिरवून बघितली. "चोवीस! मूर्ख बाई, चोवीस!"

तिने रडून घेतले, नाक पुसले आणि शेडमधून खिडक्यांचा रंग काढायचे औषध आणले. याबद्दल मी तिला शंभर गुन्हे माफ करीन. ते औषध लावून अर्धा तास ठेवल्यावर डावीकडचा लेप दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. तिने लाकडी काडीने तो ओढून काढला, मला साबणाने धुतले आणि मग तीन दिवस, दुपारी दोन-दोन तास, ती पॉलिश पेपर घेऊन बसली. व्रण पूर्ण गेले नाहीत. पण रेनकोट उतरला! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाला मोकळा वारा लागला.

मग तिने माझ्याकडून काम करून घेतले. मित्रांनो, ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. आंबट सफरचंदे, कांदे, नवे बटाटे, शेपू, धक्क्यावरून आणलेले किलोभर चांदीसारखे स्ट्रोमिंग. मोहरीच्या सॉसमधले मासे कापले तेव्हा माझ्यावर पिवळट ठिपके आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निळे झाले. मारित मला दरवेळी कोरडी पुसायची आणि खिडकीशी नेऊन बघायची. "येतोय, पप्पा, नोव्हेंबर येतोय," ती म्हणायची. रविवारी तिने जमीन पुसली, कचरा नेला, बारा वाजता कुलूप लावले. तिने चिठ्ठीत लिहिले की पाण्याचा पंप जरा अडखळतो. माझ्याबद्दल तिने एक अक्षर लिहिले नाही.

अठ्ठाविसावा आठवडा. तोरकेल आला. त्याने पंप दुरुस्त केला, मग भाकरीवर लोणी लावायला पट्टी शोधली आणि त्याला मी सापडले. तो मला हातात घेऊन किती वेळ उभा होता. मग तो म्हणाला, "काय अवस्था केलीय हिनं!" आणि त्याने ओट्याखालून तारेची घासणी काढली.

अरे बाबा, थांब! मी ओरडले असते तर! त्याने मला तासभर घासले. सफरचंद गेले, कांदे गेले, मोहरीचे ठिपके गेले, किलोभर मासे गेले. शेवटी त्याने मला उन्हात धरले, बरोबर त्याच पायरीवर बसून. तो हसला नाही, पण त्याला बरे वाटलेले दिसले. रविवारी फ्रीजवर चिठ्ठी होती: 'हाय! पंप झाला. पप्पांची सुरी साफ केली आहे. वापरून झाल्यावर धुवावी ही विनंती.' आणि खाली हसरे तोंड.

ते हसरे तोंड बघून मारितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चिठ्ठी चुरगळली, पुन्हा सरळ केली, मागच्या बाजूला लिहिले, 'हाय! पंपाबद्दल आभार. काही गोष्टी जशा आहेत तशा राहू द्याव्यात,' आणि वर त्याच्याहून मोठे हसरे तोंड काढले. कोणत्या गोष्टी? सुरी, हा दोन अक्षरांचा शब्द लिहायला तिला काय झाले होते? तोरकेलला वाटले ती पन्हळाबद्दल बोलते आहे, आणि त्याने पुढच्या आठवड्यात पन्हळाला हात लावला नाही. मला मात्र पुन्हा घासले.

विषम आठवड्यात मी निळी व्हायची, सम आठवड्यात पांढरी. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली. दरवेळी घासताना पोलादही थोडे थोडे जात होते. वर तोरकेल मला घासून धुऊन जाळीत ओली ठेवायचा. कातडी नसलेल्या अंगावर एका रात्रीत नारिंगी गंज धरायचा. मग मारितला तो गंज दिसायचा आणि वाटायचे, भावाने मुद्दाम केले. राग खरा तर कोणावर काढायचा हेच मला कळेना. दोघेही चांगले, दोघेही मेहनती, आणि दोघांनी मिळून माझी वाट लावली होती.

एकतिसाव्या आठवड्यात मारितने तिसऱ्यांदा माझ्यावर रंग चढवला. बत्तिसाव्यात तोरकेलने तो बघितला आणि हात टेकले. त्याने दुकानातून एक स्टेनलेसची सुरी आणली, ओट्यावर ठेवली आणि मला शेडमध्ये नेले. त्या आठवड्यात तो घराची दक्षिणेकडची भिंत रंगवत होता. रंगाच्या डब्याचे झाकण निघेना. त्याने इकडे तिकडे बघितले, आणि माझे टोक त्या झाकणाखाली घालून वर दाबले.

एकदाच नव्हे, तीन डबे उघडले. तिसऱ्याला माझे टोक वाकले. मी होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने निवडलेली सुरी! त्याने "अरेरे" म्हटले, बोटाने टोक चाचपले आणि मला खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिले. मानेवर लाल रंग सुकत राहिला.

तेहेतिसाव्या आठवड्यात मारितने आधी ओट्यावरची ती गोरी सुरी बघितली. मग दोन दिवस ती मला शोधत होती. शेडमध्ये मी सापडले तेव्हा ती खालीच बसली. तिने रंग नखाने खरवडला, जमेल तेवढा काढला, मला खिडकीत ठेवले. मग तिने फोन उचलला. तोरकेलला नाही. घरे विकणाऱ्या वेंडेला नावाच्या मुलीला. "घर विकायचंय," ती म्हणाली. "नाही, भावाशी बोलणं झालेलं नाही. त्याला मेसेज करते. तो नाही म्हणणार नाही."

आणि तोरकेलचे उत्तर आले: 'चालेल. शनिवारी अकराला.' त्यात हसरे तोंडही नव्हते.

माझ्या जिवाची काय तगमग झाली असेल, विचार करा. आजोबांनी स्वतःच्या हाताने बांधलेले घर जाणार होते, आणि कशावरून? मी लख्ख असावी की निळी, यावरून! आणि या प्रश्नाचे पूर्ण उत्तर खिडकीत पडलेले होते, पण बोलू शकत नव्हते.

शनिवारी अकरा वाजता वेंडेला आली. तिशीची, चटपटीत, हातात कॅमेरा आणि खांद्याला मोठी पिशवी. भाऊ ओट्याच्या एका टोकाला, बहीण दुसऱ्या टोकाला. दोघेही वेंडेलाशी बोलत होते, एकमेकांशी नाही.

"फोटोत ओटा रिकामा हवा," वेंडेला म्हणाली. "जुनं-पुराणं सगळं या पिशवीत टाकते, जाताना कचऱ्याला देईन." तिने गळके चहाचे गाळणे टाकले, एक कान तुटलेला कप टाकला. मग मला दोन बोटांत उचलले. "ही टाकायचीच ना? डाग पडलेत, टोक वाकलंय."

"टाकू नको," तोरकेल म्हणाला. "दे इकडे. घासून लख्ख करतो, पाच मिनिटांचं काम." आणि त्याने घासणी घेतली.

"हात लावशील तर बघ!"

मारित इतक्या जोरात ओरडली की वेंडेलाच्या हातून पिशवी पडली.

"काय झालं?" तोरकेल म्हणाला.

"ती घासणी खाली ठेव, तोरकेल."

"अगं, डाग आहेत हे!"

"डाग नाहीत! तीनदा चढवलाय मी तो रंग. दोनदा तू घासून काढलास आणि तिसऱ्यांदा तिनं डबे उघडलेस. मुद्दाम करतोस तू!"

"मी मुद्दाम करतो? पप्पांची सुरी दर आठवड्याला घाण करून ठेवतेस तू! चिठ्ठ्या लिहून लिहून थकलो मी."

"चिठ्ठ्या! हसरं तोंड काढून!"

"मग काय रडकं काढू?"

"मी बाहेरचे फोटो घेऊन येते," वेंडेला हळूच म्हणाली आणि बाहेर सटकली.

तोरकेलने मला घट्ट धरले होते. "त्यांना ती लख्ख हवी होती. मला स्वतः सांगितलंय त्यांनी. ईस्टरला, या पायरीवर. एक बाजू घासली, उन्हात धरली, आणि हसले ते. दोन्हीकडून लख्ख पाहिजे म्हणाले. त्यानंतर मी त्यांना हसताना बघितलंच नाही, मारित. येतो तेव्हा तेवढं एक काम करतो मी त्यांचं. दुसरं काय राहिलंय करायला?"

मारितने खुर्ची ओढली आणि बसली. "तू गेलास त्याच संध्याकाळी माझ्याशी बोलले ते. लख्ख करणं ही नुसती सुरुवात, म्हणाले. मग तिला कामाला लावायचं. सफरचंद, कांदा, मासे. तिची कातडी तिला येऊ द्यायची. नोव्हेंबरातल्या समुद्रासारखी. आणि मग घासायची नाही कधी."

"मला नाही सांगितलं हे."

"तू निघून गेला होतास."

"अंधार पडायच्या आत..." तोरकेलने वाक्य अर्धवट सोडले. त्याने माझ्याकडे बघितले, माझ्या व्रणांकडे, उरल्यासुरल्या निळ्या ठिपक्यांकडे. "मग तू मला का नाही सांगितलंस? अख्खा उन्हाळा गेला."

"तू विचारलंस का?"

"तू विचारलंस?"

बाहेर वेंडेलाच्या कॅमेऱ्याचा आवाज येत होता. मला वाटले, आता पुन्हा बारा वाजतील, कुलूप लागेल आणि सगळे संपेल.

"घर विकायला मी तिला बोलावलं," मारित म्हणाली. "मला वाटलं, तुला नकोसं झालंय."

"मला नकोसं? मी भिंत कशाला रंगवली असती? तुला नको असेल तर मी एकटा काय करू या घरात, म्हणून हो म्हणालो."

मित्रांनो, ते दोघे रडले की हसले, हे मला नीट सांगता येणार नाही. तोरकेलने मला ओट्यावर ठेवले होते आणि मी छताकडे बघत होते. पण थोड्या वेळाने मारितने मला उचलले, दाराशेजारच्या झाडाचे एक आंबट सफरचंद आणले आणि माझ्याकडून ते मधोमध कापून घेतले. अर्धे तिने भावाला दिले. माझ्या पात्यावर ओला पट्टा राहिला आणि बघता बघता काळपट होऊ लागला. तोरकेलचा हात आपोआप घासणीकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"हे असंच राहू द्यायचं?"

"असंच."

"पुसायचं तरी?"

"पुसायचं. कोरड्या फडक्यानं. घासायचं नाही."

वेंडेला आत आली तेव्हा तिला कॉफी मिळाली, दालचिनीची बिस्किटे मिळाली, पण सह्या मिळाल्या नाहीत. ती समजूतदार मुलगी होती. जाताना म्हणाली, "मन बदललं तर फोन करा," आणि ते गाळणे व तो कपही पिशवीतून काढून ठेवून गेली.

आता या गोष्टीला दोन वर्षे झाली. भाऊ-बहीण काही आठवडे एकत्र येतात, आणि शौचकूप कोणी साफ करायचा यावरून समोरासमोर भांडतात. माझ्यावर कातडी आली आहे, पण जशी यायला हवी होती तशी नाही. व्रणांत ती काळी बसते, घासून पातळ झालेल्या जागी फिकट राहते, आणि टोक वाकडेच आहे. तोरकेल ते सरळ करून देतो म्हणतो. मी त्याला कसे सांगू की नको, मोडेल! आजोबांनी सांगितलेला रंग काही ठिकाणीच दिसतो. बाकीचा त्या उन्हाळ्यात वाया गेला, तो परत येणार नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे मूठ टेकवून, सांगते. आम्हाला वापरा, पुसा, कोरडे ठेवा. आमच्यावर खूण दिसली की घासणी घेऊन धावू नका. ती कोणी आणि कशासाठी येऊ दिली आहे, ते आधी घरात विचारा. आम्हा वस्तूंना जीभ नाही, म्हणून आम्ही गप्प राहतो. तुम्हाला आहे. तरीही एका घरात राहून तुम्ही एकमेकांना विचारत नाही, याचा मला आजही फार राग येतो.